अनोळखी माणसाशी ओळख काढणं आणि आकर्षण : यावरचं खरं संशोधन कुठे शोधायचं?

दुपारची_लोकल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

ऑफिसातला एक मित्र मला सतत तूनळीचे व्हिडिओ पाठवतो. 'अनोळखी मुलीशी बोलायला कसं जावं' छापाचे. प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं : 'रिसर्चने सिद्ध झालंय'. लाल शर्ट घाला, बोलता बोलता हाताला हलकेच स्पर्श करा, पहिल्याच भेटीत रोलरकोस्टरवर न्या. कोणी सिद्ध केलं, कुठे, किती जणांवर, पत्ताच नाही. गूगलून पाहिलं तर फिरून त्याच व्हिडिओंच्या दारात.

मी पडलो इंजिनियर. मला मूळ पेपर वाचायचे आहेत. शोध सुरू कुठून करायचा, कशावर विश्वास ठेवायचा आणि आपल्याकडचं काही काम आहे का, एवढं कोणी सांगेल का?

टीप : मुली पटवायच्या टिप्स नको आहेत.

तिरकस

टीप वाचली आणि धाग्याचा उद्देश नीट कळला. हलके घ्या.
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गवती_चहा

विषय चांगला आहे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे टंकायचा कंटाळा बाजूला ठेवून लिहिते.

आधी शोधाचं. गूगलऐवजी गूगल स्कॉलरवर जा. तिथे 'हाऊ टू अप्रोच' वगैरे टाकू नका. या शाखेतले लोक 'इंटरपर्सनल अट्रॅक्शन' आणि 'रिलेशनशिप इनिशिएशन' म्हणतात. अनोळखी लोकांशी नुसतं बोलण्यावरचं काम वेगळ्या गल्लीत आहे, त्यासाठी 'टॉकिंग टू स्ट्रेंजर्स' आणि 'लायकिंग गॅप' टाका. एक जुना गाजलेला पेपर सापडला की त्याच्याखालच्या 'साइटेड बाय'वर टिचकी मारा. जुना पेपर कुणी तपासला, कुणी खोडला, कुणी पुन्हा करून पाहिला, ते सगळं त्या यादीत येतं. खरी मजा तिथेच असते.

या विषयाला प्रतिष्ठा सहज मिळालेली नाही. एलेन बर्शाइड आणि इलेन हॅटफिल्ड या दोघी अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना प्रेमावरच्या संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळालं, सुमारे ८४ हजार डॉलर. १९७५ मध्ये विल्यम प्रॉक्समायर या सिनेटरने 'गोल्डन फ्लीस' नावाचा, सरकारी उधळपट्टीची टर उडवणारा पुरस्कार काढला आणि पहिलाच या अनुदानाला देऊन टाकला. काही गोष्टी गूढच राहिलेल्या बऱ्या, असं त्याचं म्हणणं. दोघींना त्याचा बराच मनस्ताप झाला.

हॅटफिल्डबाईंचा (तेव्हा वॉल्स्टर) १९६६ चा 'कॉम्प्युटर डान्स' जरूर वाचा. मिनेसोटा विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ७५२ मुलामुलींना सांगितलं, कॉम्प्युटर तुमची जोडी जुळवणार. जोड्या लावल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, नियम एकच : मुलगा मुलीपेक्षा बुटका नको. (हसू नका, आपली स्थळं आठवा.) तिकीट काढायला आलेल्यांचं दिसणं चौघांनी गुपचूप नोंदवून ठेवलं होतं. बुद्धी, स्वभाव, सगळ्याच्या चाचण्याही झाल्या. नाचाच्या कार्यक्रमात जोडीदार किती आवडला याच्याशी संबंध लागला तो फक्त दिसण्याचा. पण एका संध्याकाळच्या गोंगाटात दिसण्याखेरीज कळणार तरी काय, हेही वाचताना डोक्यात असू द्या.

आता तुमचा रोलरकोस्टर. त्याचं मूळ डटन आणि एरन यांच्या १९७४ च्या पेपरात आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे, खाली २३० फुटांवर खडक आणि पाणी. पूल ओलांडणाऱ्या एकट्या पुरुषाला एक तरुणी थांबवायची, प्रश्नावली भरून घ्यायची, चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगायची, आणि कागदाचा कोपरा फाडून त्यावर फोन नंबर लिहून द्यायची. तेच सगळं जवळच्या एका बुटक्या, भक्कम पुलावरही. झुलत्या पुलावर 'माझं नाव ग्लोरिया', भक्कम पुलावर 'डोना', म्हणजे नंतर कोण कुठला फोन करतोय ते कळावं. ग्लोरियाचा नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला, डोनाच्या १६ पैकी २ जणांनी. भीतीने वाढलेली धडधड माणूस समोरच्या बाईच्या खात्यावर टाकतो, असा अर्थ लावला गेला.

आकडे पाहिलेत ना? १८ आणि १६. शिवाय झुलत्या पुलावर जाणारे पुरुष मुळातच जरा धाडसी असतील, ही शंका आहेच. लेखकांनाही ती आली होती, म्हणून त्यांनी पुढचे प्रयोगही केले. व्हिडिओवाले १९८१ चा व्हाइट आणि सहकाऱ्यांचा पेपर कधी सांगत नाहीत. त्यात पुरुषांना जागच्या जागी धावायला लावून धडधड वाढवली होती. समोरची बाई आकर्षक असेल तर ती जास्त आवडली, नसेल तर आणखीच नावडली. तेव्हा रोलरकोस्टरचं तिकीट काढण्याआधी विचार करा.

तिरकस

दंडवत बाई. कळलेलं एवढंच : आधी आरसा, मग रोलरकोस्टर.

खिडकीजवळची

गवती_चहा, मस्त प्रतिसाद.

या विषयावर बोलताना कोणीतरी क्लार्क-हॅटफिल्ड यांचा पेपर काढतंच, तर मीच काढते. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी, प्रयोग १९७८ आणि १९८२ चे, छापून यायला १९८९ उजाडलं. विद्यार्थी आवारात एका अनोळखी व्यक्तीला गाठून म्हणायचे, तुला इथे पाहिलंय, तू मला फार आकर्षक वाटतेस (किंवा वाटतोस). पुढे तिघांपैकी एक प्रश्न : आज रात्री बाहेर येणार? माझ्या घरी येणार? माझ्यासोबत झोपणार? तिसऱ्याला पुरुषांचा होकार ७० टक्क्यांच्या आसपास आणि बायकांचा शून्य. दोन्ही वेळा शून्य.

आंतरजालावर हा शून्य नाचवून 'बायका अशा, पुरुष तसे' सुरू होतं. पहिल्या प्रश्नाकडे कुणी पाहत नाही. 'आज बाहेर येणार का'ला पुरुष आणि बायका, दोघांचाही होकार साधारण निम्मा आहे! पूर्ण अनोळखी माणूस, आधी एक शब्द बोलणं नाही, तरी निम्म्या बायका हो म्हणाल्या. मला या पेपरात सगळ्यात नवलाचं हेच वाटतं. अर्थात एकेका गटात १६ च जण होते आणि ते १९७८-८२ चं अमेरिकन कॉलेज होतं. आपल्या बसस्टॉपवर कोणी हा प्रयोग करू नये.

मग टेरी कॉन्ली यांचा २०११ चा पेपर वाचा. त्यांनी विचारलं, विचारणाऱ्याबद्दल काय वाटलं? अनोळखी पुरुष असा थेट विचारतो तेव्हा बायकांना तो ना उबदार माणूस वाटतो, ना त्याच्या सहवासात काही सुख मिळेल असं वाटतं. ओळखीच्या किंवा प्रसिद्ध माणसाची कल्पना करायला सांगितली की स्त्री-पुरुषांतला फरक पार आक्रसतो. म्हणजे त्या शून्यात प्रश्न विचारणाऱ्याचाही वाटा होता.

पुस्तकी_किडा

ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे माझं आवडतं काम : पेपर फुकट मिळवणं (कायदेशीर!). स्कॉलरवर निकालाच्या उजवीकडे पीडीएफची लिंक दिसते का ते आधी बघा. नसेल तर 'ऑल व्हर्शन्स' उघडा, लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर प्रत सापडते. सायआर्काइव्हवर छापण्याआधीचे मसुदे असतात. तेही नसेल तर सरळ लेखकाला दोन ओळींची ईमेल टाका, बहुतेकजण आनंदाने पाठवतात, त्यांना कोण विचारतंय एरवी. सरकारी संस्थेत शिकणारा किंवा शिकवणारा मित्र असेल तर जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, त्यात सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यांना उघडी आहेत.

पण धागाकर्त्याने 'हाताला हलकेच स्पर्श' लिहिलं तिथे मी अडखळलो. ते बहुतेक निकोला गेगँ यांचं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले मानसशास्त्रज्ञ. नाचायला विचारताना मुलीच्या हाताला क्षणभर स्पर्श केला तर होकार वाढतो, हा त्यांचा २००७ चा पेपर. गिटारची पेटी हातात असेल तर नंबर मिळतो, उंच टाचा घातलेल्या बाईला पुरुष मदत करतात, असे त्यांचे खंडीभर प्रयोग आहेत. व्हिडिओवाल्यांना हे म्हणजे घरबसल्या अंगणात पडलेले आंबे. २०१७ मध्ये निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या दोघांनी त्यातले अनेक पेपर घेऊन आकडे तपासले आणि जाहीर शंका मांडल्या. इतके मोठे परिणाम, इतके नीटनेटके आकडे, रस्त्यावरच्या कामाला लागणारी इतकी माणसं, हे जमलं कसं? उंच टाचांचा पेपर २०१९ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. बाकीच्यांतले बरेच अजून जागेवर आहेत, लोक त्यांचे दाखले देताहेत.

म्हणून एक सवय लावून घ्या. पेपर वाचायच्या आधी त्याचं नाव 'रिट्रॅक्शन वॉच'च्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, यादीत टाकून बघा. फुकट आहे. लाल रंगाचंही तसंच, २००८ चा एलियट-निएस्टा पेपर फार गाजला, नंतर जास्त माणसं घेऊन केलेल्या प्रयोगांत तो परिणाम कुठे दिसेना. लाल शर्ट आवडत असेल तर खुशाल घाला.

बोरिवलीकर_काका

तुम्ही सगळे पेपर वाचा. आम्ही तीस वर्षं विरार लोकलने गेलो, अनोळखी माणसाशी बोलायला संशोधन लागतं हे आजच कळलं. डब्यात उभं राहायला जागा नसायची, बोलणार नाही तर काय करणार? भजनी मंडळ, पत्ते, हळदीकुंकू, एकमेकांच्या मुलांची लग्नंही जमली. आता सगळ्यांच्या कानात बोंडं.

गवती_चहा

काका, तुमच्या लोकलवर बेतल्यासारखे दोन पेपर आहेत!

शिकागोत उपनगरी गाड्यांनी येणाऱ्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी प्रयोग केला, २०१४ मध्ये छापून आला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना, गप्प बसा. काहींना, रोजच्यासारखं करा. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यात चांगला गेला. वेगळ्या प्रवाशांना नुसता अंदाज करायला सांगितला तेव्हा त्यांना उलटं वाटत होतं : बोलावं लागलं तर प्रवास वाईट जाईल. प्रत्येकाला वाटतं समोरच्याला बोलायचं नाहीये, आणि सगळा डबा गप्प. लंडनमध्येही नंतर असंच काम झालं.

दुसरा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमचा, १९७२ चा, 'फॅमिलियर स्ट्रेंजर' म्हणजे रोज दिसणारा पण कधी न बोललेला माणूस. फलाटावरच्या प्रवाशांचे फोटो काढले आणि त्याच लोकांना दाखवले. जवळपास नव्वद टक्के लोकांनी निदान एक तरी चेहरा ओळखला. रोज ८:१२ ला त्याच दाराशी उभी राहणारी, नाव माहीत नसलेली माणसं.

मिलग्रमचंच आणखी एक. न्यूयॉर्कच्या सबवेत त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, बसलेल्या माणसाकडे जाऊन काही कारण न देता जागा मागा. दोनतृतीयांशाहून जास्त लोकांनी जागा दिली किंवा सरकून करून दिली. त्रास मागणाऱ्यांना झाला! मिलग्रम स्वतः एकदा मागायला गेला तर शब्द घशात अडकले. जागा मिळाल्यावर मान खाली घालून असा बसला की खरंच आजारी वाटावं. आपल्या वागण्याला कारण आहे असं त्यालाच वाटायला हवं होतं. अनोळखी माणसाला काही विचारताना पाय गळणं हे फक्त व्हिडिओ बघणाऱ्यांचंच दुखणं नाही.

दुपारची_लोकल

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्स.

मग 'बोलायला गेलो तर समोरच्याला आवडत नाही' ही भीती बहुतेक वेळा खोटी असते, असं म्हणायचं का?

गवती_चहा

बोलणं झाल्यानंतरचं तरी तसंच दिसतं. बूथबी, कूनी, सँडस्ट्रॉम आणि क्लार्क यांचा २०१८ चा 'लायकिंग गॅप' पेपर वाचा. दोन अनोळखी माणसं पाच मिनिटं बोलतात, मग दोघांना विचारतात, तुला तो किती आवडला आणि त्याला तू किती आवडलास असं वाटतं? आपण समोरच्याला जितके आवडलो असतो त्यापेक्षा कमी आवडलो, असंच दोघं धरून चालतात. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये हे अंतर कित्येक महिने टिकून होतं.

सँडस्ट्रॉमबाईंनी पुढे आठवडाभर रोज अनोळखी लोकांशी बोलायला लावणारा एक खेळही केला. आठवड्याअखेर नकाराची भीती कमी झालेली होती.

खिडकीजवळची

थांबा थांबा. हे सगळं 'बोलणं' आहे. शेजारी बसलेल्याशी गप्पा मारणं आणि कुणालातरी 'तू आवडतेस' सांगायला जाणं यात फरक आहे, आणि धाग्याच्या शीर्षकात दोन्ही एका दमात आलंय. गप्पांच्या प्रयोगात आपण स्वतःला कमी लेखतो. आकर्षण मध्ये आलं की चूक दुसऱ्या बाजूला जाते.

अँटोनिया ॲबी, १९८२. एक मुलगा आणि एक मुलगी पाच मिनिटं बोलतात, दुसरे दोघे लपून बघतात. मुलीच्या साध्या मोकळेपणात मुलींपेक्षा मुलांना 'इशारे' जास्त दिसले, बोलणाऱ्या मुलालाही आणि नुसतं बघणाऱ्यालाही. हे पुढे पुन्हा पुन्हा सापडलंय.

आणि माझा सगळ्यात आवडता, व्हॅनेसा बोन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट यांचा २०१९ चा पेपर. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारलं. ज्यांनी कुणाला 'तू आवडतेस/आवडतोस' म्हणून विचारणा केली होती त्यांना वाटत होतं, समोरची व्यक्ती सहज नाही म्हणू शकली असती. ज्यांना विचारलं गेलं त्यांना मात्र नाही म्हणणं फार जड गेलं होतं, नंतर त्या विचारणाऱ्याला टाळत लॅबमध्ये वावरावं लागलं ते वेगळंच. विचारणाऱ्याला हे दिसतच नाही.

माझंच सांगते. एका जुन्या ऑफिसात एक सहकारी रोज पाण्याच्या कूलरजवळ भेटायचा. मी हसून बोलायचे, कारण हसून बोलणं ही तिथे निम्मी नोकरी असते. त्याने विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणाले. त्याला तो होकार वाटला, माझ्यासाठी ती पळवाट होती. त्यानंतर मी कित्येक महिने बाटली घरून भरून न्यायचे. तो वाईट माणूस नव्हता हो. बोन्सबाईंचा पेपर तेव्हा कुणीतरी त्याच्या टेबलावर ठेवायला हवा होता.

तिरकस

गंमत सोडून : +१. 'बघू' म्हणजे नाही, हे प्रत्येक मराठी माणसाला वर्गणी मागणाऱ्याकडून शिकता येतं. मुलीच्या बाबतीतच कसं विसरतात कुणास ठाऊक.

जाता जाता, स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं हा २०१३ पासून गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेचं ३५४ ड, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. व्हिडिओत 'चिकाटी ठेवा' म्हणतात ते हेच.

पुस्तकी_किडा

पहिलं वाक्य काय बोलावं यावरही पेपर आहे, सांगायचं राहिलं. क्लाइंकी आणि सहकारी, १९८६. चटकदार-चावट वाक्यं, साधी निरुपद्रवी वाक्यं आणि सरळ मनातलं सांगणारी वाक्यं, असे तीन गट. चावट वाक्यं दोघांनाही सर्वांत कमी आवडली, बायकांना तर फारच कमी. व्हिडिओवाल्यांचा निम्मा धंदा याच वाक्यांवर चालतो.

डब्लिनकर

उशिरा आलो. आपल्याकडचं काम कुणीच सांगितलं नाही, म्हणून भर घालतो.

आपल्याकडे 'अनोळखी' माणसाची पहिली भेट बहुतेकांच्या बाबतीत रस्त्यावर होतच नाही, ती दिवाणखान्यात होते, मध्ये पोह्यांची बशी. त्यामुळे भारतातलं काम ठरवून केलेल्या लग्नांवर जास्त आहे. गुप्ता आणि सिंह यांचा १९८२ चा जयपूरचा अभ्यास सगळीकडे सांगतात : ५० जोडपी, प्रेमविवाहातलं प्रेम वर्षांनुवर्षं उतरतं, ठरवलेल्या लग्नातलं चढतं. व्हॉट्सॲपवर हा निष्कर्ष आज्या-मावश्या फिरवतात. पण जोडपी ५०, तीही लग्नाच्या वर्षांप्रमाणे छोट्या गटांत वाटलेली. रीगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये पाहिलं तर दोन्ही प्रकारच्या लग्नांत फरकच दिसला नाही. तोही अभ्यास छोटाच.

जाहिरातींवरचं मोठं काम अर्थशास्त्रज्ञांनी केलंय. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकारी, २०१३. आनंदबाजार पत्रिकेत लग्नाची जाहिरात देणाऱ्या कोलकात्याच्या घरांना गाठून, त्यांनी कुणाच्या पत्रांना उत्तर दिलं ते तपासलं. स्वतःच्या जातीतलं स्थळ मिळावं म्हणून लोक शिक्षणावर किती पाणी सोडायला तयार होते, ते वाचून मी गप्प झालो.

पण मला खरं सांगायचंय ते फिंकेल आणि ईस्टविक यांच्या २००९ च्या पेपराबद्दल. स्पीड डेटिंगमध्ये (एकामागून एक अनोळखी व्यक्तींशी काही मिनिटांच्या भेटी) बायका एका जागी बसतात, पुरुष टेबलं बदलतात. बायका जास्त चोखंदळ असतात हे नेहमीचं निरीक्षण. या दोघांनी १५ कार्यक्रम घेतले, ३५० मुलंमुली, आणि साधारण निम्म्या कार्यक्रमांत उठून जायचं काम मुलींना दिलं. चोखंदळपणातला फरक गायब. उठून जो जातो त्याला समोरचा जास्त आवडतो आणि त्याचा आत्मविश्वासही वाढतो, असं त्यांचं म्हणणं.

आता कांदेपोहे घ्या. उठून जातो मुलगा, बसलेली असते मुलगी. या हिशेबाने चोखंदळ मुलगी असायला हवी! प्रत्यक्षात नकार देण्याचा मान मुलाकडचे घेऊन येतात. म्हणजे कोण चालत गेलं यापेक्षा कोण बघायला आलंय आणि कोणाला दाखवलं जातंय, हे आपल्याकडे जास्त जड पडत असावं. कोणी पीएचडीला विषय शोधत असेल तर घ्या, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.

खिडकीजवळची

डब्लिनकर, हे भारी आहे. आणि आता मुली कॅफेत एकट्या भेटायला जातात तेव्हा काय होतं, तेही मोजा म्हणावं. शिल्पा फडके आणि सहकाऱ्यांचं मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावरावरचं काम सोबत ठेवा. बाईला शहरात काही काम नसताना नुसतं उभं राहता येत नाही, फोनवर बोलण्याचं तरी सोंग आणावं लागतं. तिथे अनोळखी माणसाने येऊन बोलणं याचा अर्थच शिकागोपेक्षा वेगळा होतो.

बोरिवलीकर_काका

आमच्या वेळी मुलीकडचेही नकार द्यायचे. आमच्या हिने मला पहिल्यांदा 'कळवतो' असंच सांगितलं होतं.

तिरकस

काका, मग?

बोरिवलीकर_काका

मग तिचा भाऊ माझ्याच गाडीला निघाला. रोजचा डबा. त्याच्याशी बोललो.

दुपारची_लोकल

काका, तुमच्यावर वेगळा धागा काढायला हवा.

मित्राला बोन्सचा पेपर पाठवलाय, अजून निळी खूण आलेली नाही. मी फिंकेल-ईस्टविकपासून सुरुवात करतो. पुस्तकी_किडा, त्याची प्रत मोकळी आहे का? मला फक्त गोषवारा दिसतोय. आणि कांदेपोह्यांवर कुणी प्रबंध केलाय का ते कुठे बघायचं?

पुस्तकी_किडा

पेपर 'ऑल व्हर्शन्स'मध्ये मिळायला हवा, लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवतो. प्रबंध शोधगंगेवर बघा, भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे मोफत उघडतात. 'मेट सिलेक्शन' आणि 'अरेंज्ड मॅरेज' दोन्ही टाका, आणि मानसशास्त्राबरोबर समाजशास्त्र आणि गृहविज्ञान हे विभागही चाळा. असले विषय बऱ्याचदा तिकडे दडलेले असतात.